रेघ आणि वाळवंट : नसरीन मोहमदी यांचं चित्रकाम

महाडला पुन्हा येता आलं याचा आनंद आहे. आजचा विषय आम्ही मागच्या खेपेला पोलादपूरच्या व्याख्यानात शेवटी जाहीर केला होता. ‘वाळवंटातून प्रेरणा घेतलेली एक चित्रकार’ एवढंच तेव्हा सांगितलं होतं. त्यावर एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, “अहो, इथे चार महिने छत्री वाळत नाही, आणि तुम्ही आम्हाला वाळवंट काय सांगता?” सगळे हसले, आम्हीही हसलो. पण प्रश्न रास्त होता. महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आज ज्या प्रदेशाबद्दल बोलायचं आहे त्या बहरीनमध्ये वर्षभराचा पाऊस शंभर मिलिमीटरच्याही आत असतो. आपल्याकडे आषाढात तेवढा एका दिवसात कोसळतो. मग हा विषय इथे का?

याची दोन उत्तरं आहेत. पहिलं सोपं आहे. या चित्रकार बाईंचा शेवट आपल्याच रायगड जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यातल्या किहीमला झाला. तारीख १४ मे १९९०. त्यांचं नाव नसरीन मोहमदी. दुसरं उत्तर जरा लांबचं आहे, त्यासाठी तासभर बसावं लागेल.

आधी शब्दापासून सुरुवात करू. मराठी माणसाच्या तोंडी ‘वाळवंट’ हा शब्द येतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर काय येतं? शाळेत भूगोल शिकलेल्याला सहारा आठवेल, थर आठवेल. पण त्याच्याही आधी आपल्याला चंद्रभागेचं वाळवंट आठवतं. नदीकाठची वाळू, तिथे जमलेले वारकरी, टाळमृदंग, पताका. म्हणजे मराठीतलं जुनं वाळवंट हे गर्दीचं ठिकाण आहे. पाण्याच्या शेजारचं आहे. जिथे कोणी नाही आणि काही नाही असं वाळवंट आपल्या भाषेत नंतर आलं. नसरीन यांच्या चित्रांत आहे ते हे दुसरं वाळवंट. ते समजायला आपल्याला वेळ लागतो, कारण आपला डोळा भरलेल्या गोष्टी बघायला सरावलेला आहे. डोंगर, झाडी, भात, धुकं. रिकामं काय बघायचं?

आता थोडक्यात चरित्र. नसरीन यांचा जन्म १९३७ चा, कराचीचा. आई लहानपणीच गेली. १९४४ मध्ये, म्हणजे फाळणीच्या आधीच, कुटुंब मुंबईला आलं. वडिलांचा व्यवसाय बहरीनला होता, तिथे त्यांचं छायाचित्रणाच्या साहित्याचं दुकान होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. भाऊ अल्ताफ हेही पुढे चित्रकार झाले. १९५४ ते १९५७ अशी तीन वर्षं नसरीन लंडनला सेंट मार्टिन्स स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. त्यानंतर काही काळ बहरीन, मग मुंबई. १९६१ मध्ये फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळून त्या पॅरिसला गेल्या, १९६३ पर्यंत तिथे होत्या. परत आल्यावर मुंबई, दिल्ली, आणि १९७२ पासून बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला शाखेत अध्यापन.

आता बहरीन म्हटलं की इथल्या कित्येक घरांत कान टवकारले जातात. महाड, पोलादपूर, म्हसळा, श्रीवर्धन, इथल्या गावागावांत आखातात जाऊन आलेली माणसं आहेत. कोणी दुबईला, कोणी कुवेतला, कोणी बहरीनला. पण हा संबंध तेलाच्या पैशापासून सुरू झाला असं समजू नका. बहरीनला तेल लागलं १९३२ मध्ये. त्याच्या आधी कित्येक वर्षं बहरीनचे मोती मुंबईच्या बाजारात येत होते, आणि आखातात रुपया चालत होता. १९५९ मध्ये भारताने आखातासाठी वेगळा रुपया काढला, आणि बहरीनने स्वतःचा दिनार आणला तो १९६५ मध्ये. म्हणजे पन्नासच्या दशकात मुंबईचं एखादं कुटुंब बहरीनला दुकान चालवतं यात त्या काळी विशेष काही नव्हतं. विशेष हे, की त्या घरातल्या मुलीने तिथून काय आणलं.

चित्रकार वाळवंटात जातात आणि काहीतरी घेऊन येतात, ही गोष्ट कलेच्या इतिहासात जुनी आहे. तीन उदाहरणं बघू. देलाक्र्वा हा फ्रेंच चित्रकार १८३२ मध्ये मोरोक्कोला गेला. त्याने आणले घोडे, झुली, पगड्या, हत्यारं, झगमगते पोशाख. पॅरिसच्या लोकांना ‘पूर्व’ म्हणून जे हवं होतं ते त्यात होतं. दुसरं उदाहरण पॉल क्ली. तो एप्रिल १९१४ मध्ये ट्युनिशियाला गेला, अवघे काही दिवस राहिला, आणि रंग घेऊन आला. घरं, घुमट, बागा यांचे त्याने जलरंगात चौकोन केले. तिसरं उदाहरण आपल्या घरचं. मकबूल फिदा हुसेन, जन्म पंढरपूरचा, म्हणजे ज्या वाळवंटाची आत्ता गोष्ट केली त्याच्या काठचा माणूस. त्यांनी १९६७ मध्ये राजस्थानात फिल्म्स डिव्हिजनसाठी एक लघुपट केला, ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’. त्याला बर्लिनच्या महोत्सवात लघुपटांसाठीचं सुवर्ण अस्वल मिळालं. त्यात काय आहे? छत्री, कंदील, जोडा, जनावरं, माणसं. हुसेन वाळवंटात गेले तरी वस्तू शोधत गेले आणि त्यांना त्या भरपूर सापडल्या.

तिघांनीही वाळवंटातून काही ना काही उचललं. नसरीन यांच्या कामात उलटं घडताना दिसतं. घोडा नाही, उंट नाही, खजूर नाही, तंबू नाही. पुढे पुढे रंगही नाही. राहते ती रेघ.

हे एका दिवसात झालं नाही. बहरीनहून त्या मुंबईला आल्या तेव्हा वॉर्डन रोडवर भुलाभाई देसाई स्मारक संस्था होती. त्या बंगल्यात चित्रकार, नाटकवाले, गाणारे-वाजवणारे एकमेकांच्या शेजारी काम करत. हुसेन तिथे होते, वासुदेव गायतोंडे तिथे होते, अल्काझींची नाटकं तिथे होत. तिथल्याच बाळ छाबडा यांच्या गॅलरी ५९ मध्ये १९६१ साली नसरीन यांचं पहिलं एकल प्रदर्शन झालं. गायतोंडे त्यांच्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठे, अबोल, चित्रातून आकृती काढून टाकण्याच्या वाटेवर निघालेले. नसरीन यांना त्यांच्यात मार्गदर्शक सापडला. साठच्या दशकातली नसरीन यांची कामं पाहिली तर त्यांत अजून झाड ओळखू येतं. शाईचे फराटे, फांद्यांची जाळी, करडे डाग, किनाऱ्यासारखं काहीतरी. मग हळूहळू फांदी सुटते आणि फांदीची दिशा तेवढी उरते. सत्तरच्या दशकात पोचतो तेव्हा कॅनव्हास आणि तैलरंग मागे पडलेले असतात. कागद, पेन्सिल, शाईचं पेन, पट्टी आणि ड्रॉइंग बोर्ड एवढंच सामान उरतं. इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केलेल्या मुलांना हे सामान ओळखीचं आहे. टी-स्क्वेअर घेऊन रात्र-रात्र शीट मारलेली असतात त्यांनी.

मग डिप्लोमाच्या शीटमध्ये आणि या चित्रात फरक काय? हा प्रश्न आम्हाला प्रत्येक ठिकाणी येतो. “या रेघा आमचा पोरगापण काढेल.” त्यामुळे जरा थांबून एक चित्र कसं बघायचं ते बघू. कागद दोन-तीन वितींचा. त्यावर आडव्या रेघा, एकीखाली एक, जवळजवळ. लांबून एकसारख्या वाटतात. जवळ गेलं की दिसतं, प्रत्येक रेघेचं वजन वेगळं आहे. एक पेन्सिलची, फिकट. दुसरी शाईची, ठाम. दोन रेघांमधलं अंतर एका बाजूला किंचित वाढत जातं, पुढे पुन्हा आवळतं. मध्येच रेघ तुटते आणि बोटभर अंतरावर पुन्हा सुरू होते. हे सगळं मोजून केलेलं आहे. पण परिणाम असा होतो, की सपाट कागद हलायला लागतो. उन्हात तापलेल्या डांबरी रस्त्यावर लांबवर हवा थरथरताना दिसते ना, तसा. इंजिनिअरची रेघ काहीतरी बांधण्यासाठी असते. भिंत उभी राहिली की रेघेचं काम संपतं. नसरीन यांच्या रेघेमागे भिंत उभी राहायची नाही. ती रेघच शेवटचं काम आहे, त्यामुळे तिच्यात चूक लपवायला जागा नाही. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बायकांना हे लगेच कळतं. ठिपके चुकले की पुढचं सगळं चुकतं, आणि बोटातून सुटलेली रांगोळी परत चिमटीत घेता येत नाही.

आता आपण इतिहासाच्या प्रश्नाकडे येऊ, कारण हे इतिहासाचं व्याख्यान आहे. या रेघा वाळवंटातून आल्या असं आम्ही कशाच्या आधारावर म्हणतो? नसरीन यांनी चित्रांना नावं दिली नाहीत. बहुतेक कामांवर तारीखही नाही. म्हणजे ‘वाळवंट’ नावाचं चित्र आम्ही तुम्हाला दाखवू शकत नाही. अमुक चौकटीकडे बोट करून ‘हे बघा बहरीन’ असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. इतिहासकाराला हे अडचणीचं आहे. ताम्रपटावर शक आणि तिथी मिळते, इथे तेवढंही नाही.

पण दोन साधनं आहेत. एक, त्यांच्या डायऱ्या. छापील डायऱ्यांत त्यांनी इंग्रजीत छोट्या छोट्या नोंदी केल्या, आणि कित्येक पानांवर तारखांच्या रकान्यांवर शाईचे, रंगाचे पट्टे ओढून ती पानंच चित्रासारखी करून टाकली. या नोंदींत वाळवंट येतं, समुद्र येतो, थांबणं येतं, एकटेपण येतं. दुसरं साधन जास्त बोलकं आहे. ते म्हणजे छायाचित्रं. वडिलांचं कॅमेऱ्याच्या साहित्याचं दुकान लक्षात ठेवायला सांगितलं होतं ते यासाठी. पन्नासच्या दशकाच्या अखेरीपासून जवळपास वीस-पंचवीस वर्षं त्यांनी छायाचित्रं काढली. आखातातल्या वाळूवर पडलेली सावली, रस्त्यावरचे रंगवलेले पट्टे, फत्तेपूर सिक्रीची फरसबंदी, चंदिगडच्या इमारती, मागावर ताणलेले धागे, आणि किहीमच्या किनाऱ्यावर लाट मागे गेल्यावर उरलेली फेसाची रेघ. ही छायाचित्रं त्यांनी हयातीत प्रदर्शनात मांडली नाहीत. ती लोकांसमोर आली त्यांच्या निधनानंतर.

ही छायाचित्रं एकापुढे एक मांडली की एक गोष्ट दिसते. वाळवंट असो, माग असो, किनारा असो, कॅमेरा एकच गोष्ट शोधतोय. जिथे एक पृष्ठभाग संपतो आणि दुसरा सुरू होतो ती कड. वाळू आणि आकाश. ऊन आणि सावली. ओलं आणि कोरडं. म्हणून आमचं म्हणणं जपून मांडायचं तर असं आहे. वाळवंट हा नसरीन यांच्या चित्रांचा विषय नाही. वाळवंट ही त्यांच्या डोळ्याची शाळा आहे. जिथे बघायला फार काही नसतं तिथे डोळा बारीक फरक बघायला शिकतो. तो डोळा घेऊन त्या नंतर फत्तेपूर सिक्रीला गेल्या, मागाजवळ गेल्या, आणि तिथेही त्यांना तेच दिसलं. त्यामुळे ‘या रेघा मागाच्या ताण्याबाण्यातून आल्या’ असं कोणी म्हणालं तर आम्ही भांडणार नाही. वाळवंटाने काम आधी केलं होतं, एवढंच आमचं म्हणणं.

इथे अमेरिकेतल्या अॅग्नेस मार्टिन या चित्रकार बाईंचं नाव निघतं. त्याही पेन्सिलने रेघांच्या चौकटी काढत. १९६७ मध्ये त्यांनी न्यूयॉर्क सोडलं आणि न्यू मेक्सिकोच्या रखरखीत पठारावर जाऊन राहिल्या. परदेशात नसरीन यांची ओळख करून देताना ही तुलना हमखास होते. साम्य आहेच. पण मार्टिन यांच्या चौकटी बऱ्याचशा शांत बसलेल्या असतात. नसरीन यांच्या रेघा पुढे पुढे तिरक्या होतात, कागदाबाहेर निघाल्यासारख्या धावतात. दोघींना एका दाव्याला बांधू नये.

बडोद्याला त्या गेल्या तेव्हा तिथलं वारं वेगळं होतं. गुलाम मोहम्मद शेख, भूपेन खख्खर हे चित्रात माणूस, गल्ली, गोष्ट परत आणत होते. १९८१ च्या ‘प्लेस फॉर पीपल’ या प्रदर्शनाच्या नावातच लोकांसाठी जागा होती. त्याच शहरात, त्याच शाखेत एक बाई कागदावर माणूस नसलेली जागा आखत बसली होती. याला कोणी विरोध म्हणेल, आम्हाला तसं वाटत नाही. बडोद्याचं मोठेपण हे, की दोन्हींना तिथे शिकवायला जागा मिळाली. त्यांच्या विद्यार्थिनींपैकी रूबीना करोडे यांनी पुढे दिल्लीच्या किरण नाडर संग्रहालयात २०१३ मध्ये नसरीन यांच्या समग्र कामाचं प्रदर्शन मांडलं.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती सांगताना आवाज जरा खाली येतो. नसरीन यांना शरीराच्या हालचालींवरचा ताबा हळूहळू हिरावून घेणारा चेतासंस्थेचा आजार झाला. पाय अडखळू लागले, हात ऐकेना. रेघ सरळ ओढणं हेच ज्यांचं काम, त्यांचा हात कापू लागला. आणि ऐंशीच्या दशकातली चित्रं बघा. मोठा कोरा कागद, त्यात अधांतरी दोन-चार तिरक्या रेघा, एखादा कमानीचा तुकडा, एखादं वर्तुळ. सगळं काटेकोर. थरथर कुठेही नाही. याला चमत्कार म्हणायचं नाही. बोर्ड, पट्टी, कंपास ही अवजारं त्यांनी आजाराच्या आधीच हाताशी घेतली होती. हात दगा देऊ लागला तेव्हा अवजारांनी साथ दिली, आणि वर्षानुवर्षांची शिस्त होतीच. आमच्याकडे जुने गवंडी सांगतात, नजर गेली तरी ओळंबा खोटं बोलत नाही. तसंच काहीसं.

शेवटच्या दिवसांत त्या किहीमला होत्या. सुरूच्या बनामागचा तो किनारा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. याच किहीमला १९३० च्या सुमारास सालिम अलींनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला होता. एका पाखराचं विणकाम महिनोन्‌महिने बघत बसलेला माणूस, आणि पुढे तिथेच ओहोटीची रेघ बघणारी बाई. किहीमला बघणारी माणसं लाभली खरी. नसरीन गेल्या तेव्हा त्यांनी पन्नाशी नुकतीच ओलांडली होती.

त्यानंतर नाव मोठं झालं. २००७ मध्ये जर्मनीतल्या कासेलच्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात, २०१४ मध्ये टेट लिव्हरपूलला, २०१५ मध्ये माद्रिदच्या रेना सोफिया संग्रहालयात, आणि २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयाने मेट ब्रॉयर ही नवी शाखा उघडली तेव्हा तिथल्या पहिल्या प्रदर्शनांपैकी एक नसरीन यांचं होतं. ही यादी भराभर संपवतो, कारण आम्हाला दुसरी गोष्ट सांगायची आहे.

पोलादपूरच्या त्या व्याख्यानानंतर आणखी एक गृहस्थ भेटले. वीसेक वर्षं कुवेतला बांधकामावर काढलेले. आम्ही त्यांना मोबाइलवर नसरीन यांनी आखातात काढलेलं एक छायाचित्र दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “असंच असतं. पण आम्हाला हे बघायला वेळ नव्हता.” या वाक्याने आमचं व्याख्यान थोडं बदललं. वाळवंटात सौंदर्य दिसायला सावलीत उभं राहण्याची सोय लागते, लंडन-पॅरिसचं शिक्षण लागतं, हे मान्य केलं पाहिजे. नसरीन यांना ती सोय होती. या गृहस्थांना नव्हती. पण ते ‘असंच असतं’ म्हणाले, हेही तितकंच खरं. त्यांनी जे रोज सोसलं, ते कोणीतरी नीट पाहून ठेवलं होतं, आणि ते त्यांनी क्षणात ओळखलं. कला श्रीमंतांची की गरिबांची या वादात एवढी नोंद राहू द्या.

आता पहिल्या प्रश्नाकडे. इथे वाळवंट कशाला? पोलादपूरच्या वाड्यांवर एप्रिल-मे मध्ये टँकर येतो हे तुम्हाला आम्ही सांगायची गरज नाही. तीन हजार मिलिमीटर पाऊस डोंगरावरून वाहून जातो आणि हंडे रिकामे राहतात. पाणी असूनही नसणं म्हणजे काय, हे या भूमीला नवीन नाही. याच महाडला २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना तळ्यातलं पाणी पिण्याच्या हक्कासाठी हजारो माणसांना घेऊन जावं लागलं. तळं भरलेलं होतं. कोरडेपण माणसांनी आखलेल्या रेघेत होतं. रेघ काय करू शकते हे महाडला कोणी शिकवायला नको.

आणि दुसरी रेघ आत्ता तुमच्या घरात आहे. जुलै २०२१ च्या पुरात सावित्री-गांधारीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, ते उतरल्यावर भिंतींवर एक आडवी रेघ राहिली. काहींनी रंग देऊन ती झाकली. काहींनी शेजारी तारीख लिहून तशीच ठेवली आहे. आज सकाळी आम्ही बाजारातून आलो तेव्हा एका दुकानात ती पाहिली. वर कोरडी भिंत, खाली डागाळलेली, आणि मधोमध अगदी सरळ कड, कारण पाणी स्वतःची पातळी स्वतः धरतं. त्या दुकानदाराला ती रेघ दाखवायला फार शब्द लागले नाहीत. “इथवर,” एवढंच तो म्हणाला.

नसरीन मोहमदींची चित्रं बघताना अवघड वाटली तर त्या भिंतीसमोर थोडा वेळ उभे राहा. एका रेघेत किती मावतं ते कळेल. मग चित्राकडे या. एवढं बोलून थांबतो. आता तुमचे प्रश्न.